न ऐकायचे सूर

…स्पीकरच्या जाळीवर माशी बसली होती आणि उडत नव्हती, म्हणजे कंपन अगदी कमी, हेमकांतनं मनाशी नोंदवलं — माशीच्या पायांनाही कळू नये इतका हलका आवाज. आणि तरी तो होता, शहाद्यातल्या चेतनाच्या दवाखान्यात, दात दुखणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यावर. भाविकाचा, कॉलेजात त्याच्याबरोबर शिकलेल्या. तिच्या वडिलांच्या केळीच्या मळ्यातली मोटर, तिची घरघर कॉम्प्युटरवर ताणून ताणून केलेला लांबलचक सूर, त्यावर दुसरा, लांबीला किंचित कमी, दोन्ही फिरत राहणारे, एकमेकांना चुकवत… ही युक्ती कुणाची? माझी. फिजिक्सच्या लॅबमध्ये कागदावर दोन वर्तुळं काढून मीच दाखवली तिला. शंभर वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या त्या विक्षिप्त संगीतकाराची गोष्टही मीच सांगितली — त्यानं मध्यंतरात वाजवायला संगीत लिहिलं, घरातल्या सामानासारखं, नुसतं असावं म्हणून. ते वाजताच लोक गप्प होऊन ऐकू लागले, तेव्हा हा त्यांच्यावर ओरडत सुटला, बोला, हिंडा, ऐकू नका! आजचे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले त्याचेच वारस, असं म्हणून मी थांबलो. भाविका हसली, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन मोटरीजवळ जाऊन बसली.

आता तिचे सूर पुण्याच्या हॉस्पिटलांत वाजतात. हेमकांतचे त्याच्या लॅपटॉपमध्ये, अर्धवट.

पण आज निकाल त्याच्या हातात होता. चेतना, त्याची मामेबहीण, सकाळी फोनवर म्हणाली होती, "दादा, तुले आवाजामधलं समजस. ईसन आयक. तू काढ म्हणशी त काढी टाकसू." 'काढ' हे त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं. फक्त एक कारण हवं होतं, शास्त्रीय वाटेल असं… खालच्या सुरांनी पेशंटची धडधड वाढते, किंवा तसलंच काही. तो कान लावून चूक शोधत होता.

"तुन्हा बी दात दुखस का रे भाऊ?" शेजारची म्हातारी, बेबीबाई, गालावर पदर दाबून विचारत होती.

"नही मावशी. गाणं आयकी ऱ्हायनू."

तिनं भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग जरा काळजीनं त्याच्याकडे. "आठे कोठे गाणं शे?"

त्या पॅरिसवाल्याला ओरडूनही जे जमलं नाही, ते भाविकाला…

"मन्ही सून म्हणस, सगळा दात काढी ल्या, मंग तुम्हनं तोंड तरी बंद ऱ्हाई," बेबीबाई सांगत होती. "मी सांगं तिले, जीभ काढानी शे त येगळा डाक्टर दख!"

तो हसला. मग तिनं मोलगीच्या बाजारातल्या फुटाण्यांची हकिगत काढली, त्यांत निघालेल्या खड्याची, त्या खड्यावरून सुनेशी झालेल्या भांडणाची. त्यानं मध्येच काहीतरी विचारलं, तिनं त्यालाच टोमणा मारला, तो पुन्हा हसला, पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून…

"मंग दादा?" चेतना दारात उभी होती, हातमोजे काढत. "ठेवू का काढू?"

त्यानं सुराचा माग घ्यायला कान टवकारले, आणि गार झाला. इतका वेळ तो ऐकतच नव्हता. कधीपासून? आठवेना. आणि तेवढा वेळ, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, त्याला बरं वाटत होतं… हे भाविकानं केलं होतं, आणि तिला ते कधी कळणारही नव्हतं. रागाला एवढं पुरेसं होतं. पण 'काढ' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेव्हा त्याला त्याहून आधी हवी होती ती मघाची, ऐकू न आलेली मिनिटं — परत, सगळी.