खालचं मीठ

झोपायच्या खोलीचं दार अडायला लागलं तेव्हा तिने दोष दिला तो दमट हवेला.

ती पडदे आणि गाद्यांचे अभ्रे शिवायची; गल्लीत तिला सगळे शिलाईवहिनी म्हणत. भिंतीला भिंत लागून पलीकडे एक सुतार राहायचा. वर्षानुवर्षं रंधा मारून मारून त्याचं खरं नाव लोक विसरले होते आणि त्यालाच रंधा म्हणू लागले होते. रंधाने येऊन दाराची खालची कड तासून दिली, चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, दाराला काही झालेलं नाही. चौकट तिरकी झालीय."

"चौकट कशी तिरकी होईल? तिला काय पाय फुटलेत?"

"मी लाकडाचा माणूस. भिंतीचं मला विचारू नका."

पुढच्या महिन्यात स्वयंपाकघराची खिडकी अडकली. मग रंधाच्या बाजूच्या भिंतीवर केसाएवढी रेघ उमटली आणि हळूहळू बोट मावेल एवढी झाली.

हे सगळं दुसऱ्या गावात घडलं असतं तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण हे गाव मिठावर वसलं होतं. जमिनीखाली खोलवर मिठाचा जाड थर होता. फार पूर्वी लोक विहिरींतलं खारं पाणी शेंदून खोलीएवढ्या लोखंडी कढयांत आटवायचे. खाली कोळसा, वर वाफ, आणि त्या वाफेत उघड्या अंगाने मीठ ओढणारे पुरुष, ढेपा फोडणाऱ्या बायका. मग पंप आले. खाली गोडं पाणी सोडायचं, त्यात मीठ विरघळलं की ते वर ओढायचं. त्या मिठावर सोड्याचा कारखाना उभा राहिला, काचेचा राहिला, साबणाचा राहिला. वर गाव वाढत गेलं आणि खाली पोकळी. एका वर्षी नदीकडची घरांची अख्खी ओळ बसली. आता तिथे तळं आहे, आणि पाणी उतरलं की त्यातून एक धुराडं डोकं वर काढतं.

त्यानंतर पंप बंद झाले. मिठाच्या कारखान्याचं संग्रहालय झालं. तपासणीला आलेले इंजिनियर सांगून गेले की पंप थांबले, आता जमीन निवली. हे वाक्य गावाला इतकं आवडलं की पुढे कशालाही तडा गेला तरी लोक तेच म्हणायचे.

शिलाईवहिनीचा नवरा त्या कारखान्यात पंपवाला होता. आता तो त्याच कारखान्यात, त्याच पंपासमोर उभा राहून आलेल्या पाहुण्यांना माहिती सांगायचा. शाळेच्या सहली यायच्या, मुलं विचारायची, "काका, हा चालू होतो का?" आणि तो हसून म्हणायचा, "नाही रे बाळा, हा आता पेन्शनीत निघाला."

म्हणजे जमीन निवली होती, पंप पेन्शनीत होता आणि भिंत मात्र फुटत होती. मग हे करतंय कोण?

पहिला इशारा सासूबाईंनी दिला. त्यांना कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. एका दुपारी त्या पलंगावर तळहात टेकून बसल्या होत्या.

"सूनबाई, खाली कोण दळतंय?"

"कुठे खाली?"

"जमिनीत. रोज जेवणानंतर सुरू होतं. पलंगाच्या पायांतून येतं."

वहिनीने मशीन थांबवलं आणि बशीतल्या टाचण्यांकडे बघितलं. त्या एकमेकींना टेकून बारीक थरथरत होत्या. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रंधाच्या मागच्या अंगणात त्याचा सुतारकामाचा कारखाना होता. लाकूड कातायची लेथ होती, करवत होती. आणि गेले काही दिवस तो हातगाडीवरून पोती बाहेर नेत होता. एका पोत्याच्या भोकातून पांढरट माती सांडलेली तिने स्वतः बघितली होती.

रंधा तळघर खणतोय. एकदा हा विचार डोक्यात शिरला, की मग सगळंच त्यात बसायला लागलं. चौकट तिरकी झालीय हे त्याला इतक्या लवकर कसं कळलं? त्याचं पोरगं लग्नाचं झालंय, घर लहान आहे, जागा लागणारच. आणि मागच्या आठवड्यात तिला बघून तो गाडी वळवून का गेला?

तिने त्याला रस्त्यातच गाठलं. "भाऊजी, या पोत्यांत काय असतं हो?"

"गिलावा. माझी भिंत ढासळतेय."

"तुमची भिंत? ती तर माझीही आहे."

"तेच म्हणतोय मी." त्याने गाडी खाली ठेवली. "वहिनी, राग मानू नका, पण तुमचं ते मोटरचं मशीन दिवसभर भिंतीला टेकून धडधडतं. जरा सरकवता का?"

"माझ्या शिलाईच्या मशीनने भिंत फाटली?"

"आवाज तर तुमच्याकडूनच येतो. दुपारी माझ्या बायकोच्या कपाटातले पेले किणकिणतात."

ती घरी आली ती रागाने लाल होऊन. संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि म्हणाला, "खणत असेल रंधा. त्याचं काही सांगता येत नाही."

तिला बरं वाटलं. नवऱ्याने आपली बाजू घेतली एवढंच तेव्हा तिच्या लक्षात आलं.

गल्लीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कोणाला खणण्याचा आवाज आला होता, कोणाला माती दिसली होती. ज्यांच्या घराला काहीच झालं नव्हतं तेही रंधाकडे लाकूडकाम द्यायचं टाळू लागले. शेवटी एका सुटीच्या सकाळी पाच-सहा जण त्याच्या दारात उभे राहिले. पुढे शिलाईवहिनी होती. नवरा कामाचं निमित्त सांगून निघून गेला होता.

"जमिनीवरच्या फळ्या उचल आणि दाखव," कोणीतरी म्हणालं.

रंधा आत जाऊन पहार घेऊन आला आणि स्वतःच्या घराची जमीन स्वतःच्या हाताने उखडायला लागला. पुढची खोली, मधली खोली, मग कारखाना. खाली सगळीकडे दाबलेली, जुनी, कोरडी माती होती. उंदराचं बीळसुद्धा नव्हतं. त्याची बायको चुलीपाशी हाताची घडी घालून उभी होती. लोक एकेक करून काढता पाय घ्यायला लागले तेव्हा ती शिलाईवहिनीला म्हणाली, "आता तुमची जमीन कधी उचलायची?"

वहिनी घरी येऊन मशीनपाशी बसली, पण दोरा ओवला जाईना. रंधा नाही, तर मग कोण? आणि नवरा इतक्या चटकन त्याचं नाव का घेऊन बसला? दोघं लहानपणापासूनचे दोस्त. एरवी रंधाबद्दल कोणी वाकडं बोललं तर नवरा भांडायला उठायचा.

मग तिला बाकीचं दिसायला लागलं. त्याचे शर्ट. बाह्यांच्या टोकाशी कडक होऊन पांढरे पडलेले. तिने ते घामावर ढकललं होतं, पण घाम काखेत असतो, पाठीवर असतो, मनगटाला नसतो. धुवायच्या ढिगातून तिने एक शर्ट काढला आणि बाहीला जीभ लावली. इतकं खारट की थुंकावं लागलं. संग्रहालयात तर मीठ काचेच्या पेटीत ठेवलेलं असतं.

बाई असेल अशीही शंका तिच्या मनाला शिवून गेली. हल्ली तो घरी येताना शीळ घालायचा. दुपारच्या जेवणाचा डबा अर्धा परत आणायचा. पण कुठल्या बाईकडून माणूस खारट होऊन येतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिकीट काढून संग्रहालयात गेली आणि सहलीला आलेल्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात मागे उभी राहिली. नवऱ्याने तिला बघितलं नाही. तो कढईच्या काठावर हात ठेवून सांगत होता, की इथे माझे आजोबा मीठ ओढायचे, त्यांच्या पायांची जखम कधी भरली नाही. म्हातारे हळहळले. मग पंपघराशी आल्यावर त्याने साखळीकडे बोट दाखवलं. "हे दुरुस्तीसाठी बंद आहे. माफ करा." आणि घोळका माहिती सांगणाऱ्या दुसऱ्या एका बाईच्या हवाली करून तो निघून गेला.

वहिनी इमारतीला वळसा घालून मागे गेली. मागच्या दाराला आतून कडी होती. पायाखालची जमीन थरथरत होती, अगदी पलंगाच्या पायांसारखी. खिडकीची काच धुळीने आंधळी झाली होती. तिने पदराने एक कोपरा पुसला.

आत पंप चालू होता. नवरा कोट काढून, शर्टाच्या बाह्या जराशा सारून, नळीच्या सांध्याला पाना लावत होता. सांध्यातून पाण्याची बारीक धार त्याच्या मनगटावर उडत होती. मग त्याने पाना ठेवला, पंपाच्या पाठीवर हात ठेवला आणि नुसता उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान तिने किती वर्षांत बघितलं नव्हतं. आत एखादी बाई असती तर तिला काय करायचं ते सुचलं असतं. इथे क्षणभर काहीच सुचेना.

तिने काचेवर मूठ आपटली.

त्याने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं, तू इथे?"

"हे कधीपासून?"

"फक्त दुपारचं असतं. चाचणी आहे. परवानगी येतेच आहे."

"कोण म्हणालं?"

"सोड्याच्या कारखान्याचे साहेब. त्यांना बाहेरून मीठ आणणं परवडत नाही. म्हणाले, पोकळी तिकडे शेताखाली आहे, गावाशी संबंध नाही. परवानगी आली की पुन्हा सगळे पंप सुरू, आणि पंपघर माझ्या ताब्यात." तो घाईघाईने बोलत होता. "तुला कळत नाही, रोज त्याच्यासमोर उभं राहून तो मेलाय असं सांगायचं म्हणजे काय असतं."

"दार अडलं तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना! म्हणून आठवडाभर बंद ठेवला. तरी भिंत फाटतच राहिली. मग मी म्हटलं, याचा संबंध नसणार."

"आणि रंधा?"

तो पंपाकडे बघायला लागला.

"अहो, मी विचारतेय. त्या माणसाने आमच्या डोळ्यांदेखत स्वतःचं घर उखडलं. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"माझी नोकरी गेली असती."

"आधी हे बंद करा."

त्याने खटका ओढला. पंप दोन-तीन उसासे टाकून थांबला. त्या शांततेत दोघांनाही एकदमच ऐकू आलं, की थरथर थांबलेली नाही. खालून, खूप खालून, दगड घासल्यासारखा आवाज येत होता.

"आई घरात एकट्या आहेत," ती म्हणाली आणि धावत सुटली.

नवरा मागे धावला, पण तिने त्याला गल्लीच्या तोंडाशी अडवलं. "आईंना मी बघते. तुम्ही आधी रंधाच्या दारात जा."

तो गेला. काय बोलला ते तिने ऐकलं नाही. ती सासूबाईंना खुर्चीसकट उचलायला शेजाऱ्यांना हाका मारत होती, पंप नवऱ्यानेच चालवला असं ओरडून सांगत होती. लोक यायला तयार नव्हते. काल हिनेच रंधाचं नाव घेतलं, आज नवऱ्याचं घेतेय, उद्या आमचं घेईल, असं एक जण तोंडावर म्हणाला. मग पलीकडून रंधाचा आवाज आला. तो गल्लीच्या मधोमध उभा राहून ओरडत होता, "बाहेर पडा सगळे! हिशेब नंतर करू!" त्याच्या आवाजावर लोक निघाले.

उजेड असतानाच अंगण गेलं. आधी मागची भिंत सावकाश झुकली, मग रंधाचा कारखाना, लेथ, सागवानाच्या रचलेल्या फळ्या, सगळं एका बाजूने कलत कलत खड्ड्यात उतरलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मागून खारट वासाचा गार वारा वर आला. शिलाईवहिनीचं घर अर्धं उभं राहिलं, पण त्यात पुन्हा पाय ठेवायची परवानगी कोणालाच मिळाली नाही. माणूस एकही गेला नाही.

चौकशी झाली. सोड्याच्या साहेबांनी हात झटकले. पंप चालवायला आम्ही कोणाला सांगितलंच नाही, जुना माणूस आहे, वेड लागलं असेल, असं ते शांतपणे म्हणाले. नवऱ्याने सगळं कबूल केलं, पण त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. बायकोही पुरती तयार नव्हती. तेव्हा रंधा उठून उभा राहिला. म्हणाला, पंपघरापासून शेतातून सोड्याच्या कारखान्याकडे नळ टाकताना मी बघितलंय. साहेब स्वतः छत्री घेऊन उभे होते. चौकशीवाल्यांनी शेत खणलं आणि नळ सापडला.

बाहेर पायऱ्यांवर वहिनी त्याच्याजवळ गेली. "भाऊजी, तुमचे उपकार..."

"तुमच्यासाठी नाही केलं. माझी लेथ गेली, ती कोणीतरी भरून द्यायला हवी."

"मग नळाचं आधी का नाही बोललात? आम्ही दारात आलो तेव्हा?"

रंधाने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "नळ टाकत होते तेव्हा तुमचे मालकही तिथेच उभे होते. हसत होते. मला वाटलं, तो आहे म्हणजे काही वाईट नसणार."

एवढं बोलून तो गेला, आणि त्यानंतर त्या घराशी बोलला नाही.

पंपाच्या विहिरीत काँक्रीट ओतलं गेलं. शिलाईवहिनी, सासूबाई आणि नवरा गावाच्या उंच भागात दोन खोल्यांत राहायला गेले. साहेबांवर खटला उभा राहिला. नवऱ्याची नोकरी गेली. आता तो एका गोदामात पेट्या उचलतो. घरी आल्यावर कुठे गेलो होतो, कोण भेटलं, वाटेत कशासाठी थांबलो, सगळं न विचारता सांगतो. ती शिवता शिवता ऐकते. सगळं खरं असतं, हे तिलाही माहीत आहे. तरी दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना ती गोदामावरून वळसा घालते, आणि तो सांगितल्या ठिकाणी दिसला, की थोडी खट्टू होऊन पुढे चालू लागते.