काप्रासेक्काच्या भिंतीवरची काच

आमच्या सायकल क्लबच्या जूनमधल्या मोठ्या फेरीचा मार्ग आखायचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. मी भूशास्त्र शिकलेली, नकाशे वाचता येतात, एवढंच कारण. चौकातून निघायचं, तीन खिंडी चढायच्या, वाटेत जुनी दगडी गावं घ्यायची आणि संध्याकाळच्या आत पुन्हा चौकात यायचं.

"चढ कुठे, उतार कुठे आणि पाणी कुठे, एवढं बघ," क्लबचे अध्यक्ष नाझारेनो म्हणाले.

"आणि डांबर कुठे," एवारिस्तोनं जोड दिली. तो आमच्या गावचा खाटीक.

सगळे हसले, पण ते खोटं नव्हतं. आमच्या डोंगरात डांबर फेरीच्या मार्गावरच पडतं. फेरी जिथून जाणार तिथे मे महिन्यात रोलर फिरतो. बाकीच्या रस्त्यांवर खड्ड्यांत खडी टाकली की काम संपलं. म्हणून मार्ग ठरायच्या सुमारास सरपंचांचे फोन येतात, कुणी चीजचा गोळा घेऊन दारात उभा राहतो.

डोंगरावरच्या काप्रासेक्का गावाहून कुणी आलं नाही. तिथे नऊच माणसं उरली होती. त्यांत माझी अस्सुन्तिना मावशी आणि तिचा नवरा रेमिजो. काकांना डायलिसिससाठी खाली न्यावं लागायचं, आणि रस्ता इतका उखडला होता की गाडीवाला पुढच्या हिवाळ्यात वर येणार नाही म्हणून सांगून गेला होता. रस्ता झाला नाही तर नऊही जणांना सपाटीवरच्या वृद्धाश्रमात हलवायचं, असं नगरपालिकेनं ठरवलं होतं. म्हणजे फेरीची रेघ त्या गावातून गेली, तर मावशी घरी राहणार होती.

अडचण भिंतीची होती. गावाच्या तोंडाशी एक जुनी दगडी भिंत रस्ता तोलून धरते, आणि रस्त्याच्या वर घरं. भिंतीला उभी भेग होती. त्याआधीच्या शरदात मी त्या भेगेवर सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आडव्या ठेवून प्लास्टरनं चिकटवल्या होत्या. काच वाकत नाही. डोंगर जरा जरी सरकला तरी ती तडकते. शाबूत राहिली तर उतार स्थिर आहे. प्लास्टरचं भांडं मावशीनंच धरलं होतं. "म्हणजे या फुटल्या नाहीत तर डांबर?" तिनं विचारलं होतं. मी हो म्हणाले होते.

एप्रिलमध्ये एवारिस्तोला घेऊन मी मार्ग तपासायला निघाले. शेवटच्या चढावर तो सायकलवर अक्षरशः उभा राहिला.

"बाई, नकाशावर बोट फिरवताना तुझे पाय दुखत नाहीत, म्हणून हे असले चढ सुचतात तुला!"

"सॉसेज कमी खा."

"विकतो कोण मग?"

भिंतीपाशी थांबलो. सगळ्या काचा शाबूत.

"झालं! मार रेघ," एवारिस्तो म्हणाला.

मला खरंच आनंद झाला. जवळ जाऊन धूळ पुसली. माझ्या पट्ट्यांच्या कडा घासलेल्या, गुळगुळीत होत्या. या कडा धारदार होत्या, आणि एकीच्या काठाला सोनेरी रंगाची बारीक रेघ होती. मागच्या भेगेत शरदात पेन्सिलीचं टोकही जेमतेम जायचं. आता माझं बोट गेलं.

मावशीनं घेवड्याचं सूप वाढलं. भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो, सोनेरी काठाच्या चौकटीत. वर काच नव्हती.

"मावशी, फोटोची काच कुठे गेली?"

"फुटली."

"कधी?"

"तुझ्या फुटल्या, त्यानंतर."

तिच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा अजिबात नव्हता. ती एवारिस्तोला पाव देत होती.

"सगळ्या फुटल्या?"

"सगळ्या. बर्फ वितळायला लागला तेव्हा. हे बघ, तुम्ही सायकलवाले तीन मिनिटांत गावातून पसार होणार. तेवढ्यात पडणार आहे का भिंत?"

"आमचं नाही गं. तुमच्यावर पडेल."

"आमचं तुला कुणी विचारलंय? आमच्यासाठी तू फक्त डांबर माग."

आतल्या खोलीतून काकांनी हाक मारली, "कोण आलंय? डांबरवाले का?"

"नाही हो," मावशी म्हणाली. "आपलीच पोर आहे."

उतरताना एवारिस्तोनं पहिल्या वळणावर सायकल थांबवली. मग म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. तू ठरव."

फेरी आम्ही आलो त्याच बाजूनं, खालून वर नेली असती तर त्या भिंतीवरून फक्त चढ लागला असता. स्वार सावकाश गेले असते, सुखरूप. ते गणित मी करून पाहिलं. पण रोलरचं वजन भिंतीवरच येणार होतं. आणि नव्या डांबराखाली भेगा झाकल्या गेल्या असत्या, माणसं वर तशीच राहिली असती.

मी रेघ नदीकाठानं काढली. नगरपालिकेला फुटलेल्या काचांबद्दल कळवलं. मे महिन्यात रस्ता बंद झाला आणि नऊही जणांना खाली न्यायला गाडी आली. निघताना मावशीनं तो फोटो चौकटीसकट मांडीवर घेतला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

जूनमध्ये फेरी झाली. काप्रासेक्काच्या फाट्यावर रस्ता बंद करायला लावलेल्या अडसरापाशी मी पाणी वाटत होते. एका पाहुण्या स्वारानं मान वर करून विचारलं, "वर काय आहे?" मी बाटली दिली. तो निघून गेला.

काका फेब्रुवारीत वृद्धाश्रमातच वारले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडंच निकामी झाली होती. घरी असते तरी फरक पडला नसता. मावशीनं ते ऐकून घेतलं.

आता पुन्हा मार्ग आखायचे दिवस आलेत. मी अडसर ओलांडून वर जाऊन येते, भेग मोजते, मग रविवारी मावशीकडे जाते. वृद्धाश्रमातल्या तिच्या खिडकीतून सपाट शेतं दिसतात, डोंगर दिसत नाही. ती दर वेळी एकच प्रश्न विचारते.

"पडली का भिंत?"

"नाही, मावशी."

"घरं?"

"उभी आहेत."

ती मान हलवते आणि खिडकीकडे तोंड करून बसते.