भाऊंचा गुडघा

मशीनकाकू त्या दुपारी भाऊंसाठी गुडघ्याचा पट्टा शिवत होत्या. आतून मऊ फ्लॅनेल, बाहेरून जाड सुती कापड, बांधायला दोन नाड्या. दुकान कसले, घराची पुढची खोली. मशीन खिडकीशी, कात्रणांची पिशवी दाराच्या खिळ्याला. तयार कपड्यांचे दिवस अजून यायचे होते. साऱ्या पेठेची अंगे काकूंच्या टेपला पाठ होती.

भाऊ म्हणजे पेठेचे आमदार. किती वर्षे आमदार होते म्हणाल, तर त्यांच्या पहिल्या सभेत कडेवर असलेली पोरे आता त्यांचीच पत्रके वाटत होती. भेटेल त्या बाईला ते "ताई" म्हणत. त्यामुळे सगळ्या बायकांना एक भाऊ फुकट मिळाला होता, आणि फुकटची वस्तू कोणी पारखून घेत नाही.

मुलीचे लग्न अठराच्या आत करू नये, असे विधेयक तेव्हा सभागृहात वरचेवर येई आणि पडे. मतदानाची रीत साधी होती: बाजूचे असतील त्यांनी उभे राहायचे, मोजणी संपेपर्यंत. भाऊ त्यावर असे बोलत, की गॅलरीतल्या बायका डोळे पुसत. पण उभे राहायची वेळ आली की त्यांचा गुडघा धरे. बाहेर येऊन ते पत्रकारांना म्हणत, "मन उभं होतं हो, पाय उभा राहिला नाही." विधेयक थोडक्यात पडे, आणि पेठेत हळहळ होई ती भाऊंच्या गुडघ्याची. कोणी तेल पाठवी, कोणी लेप. आमदारांचे भत्ते वाढवायचे असले की तोच गुडघा सर्वांआधी ताठ होई. तेही वर्तमानपत्रात येई, त्याच पानावर. पण वाचणाऱ्यांची अक्कलही गुडघ्यातच अडकलेली!

काकूंची एकुलती मुलगी बारकी नववीत होती. शाळेतून येताना अजून कठड्यावरून तोल सावरत चालायची. तिचे वडील लाकडाच्या वखारीत मुकादम. त्या संध्याकाळी ते घरी आले ते हवेतच.

"मालकांनी बारकीला मागितलंय. थोरल्यासाठी."

"थोरल्यासाठी?" काकूंचा पाय मशीनवर थांबला. "पहिली बायको जाऊन वर्ष नाही झालं त्याची! आणि पस्तिशीचा आहे तो. अहो, परवापर्यंत बाहुलीचे कपडे शिवून मागत होती ही."

"मग आता स्वतःचे शिव म्हणावं. स्थळ चालून आलंय. नाही म्हणालो तर उद्या वखारीचं फाटक बंद. खाशील काय, कात्रणं?"

दुसऱ्या दिवशी काकू पट्टा घेऊन भाऊंकडे गेल्या. बारकीलाही बरोबर नेले. पोरीचे तोंड पाहून तरी भाऊ पाघळतील, ही आशा. दार उघडेच होते. भाऊ स्टुलावर चढून, टाचा उंचावून, भिंतीवरचा स्वतःचा फोटो सरळ करत होते. चाहूल लागताच ते टुणकन खाली उतरले आणि काठी शोधून लंगडू लागले.

"या ताई! बघताय ना हाल?"

काकूंनी सगळे सांगितले. "भाऊ, मालक तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. एकदा नको म्हणा."

भाऊ गंभीर झाले. त्यांच्या निवडणुकीचे मांडव मालकांच्याच लाकडावर उभे राहत. "ताई, कायदाच नाही, तर मी कुठल्या तोंडाने बोलू? पण या अधिवेशनात विधेयक येतंय. यंदा मी उभा राहणार म्हणजे राहणार. तुमचा पट्टा बांधून!"

परतताना बारकी म्हणाली, "आई, भाऊ स्टुलावर चढले होते."

"गप. मोठ्या माणसांना कामं असतात."

"पण चवड्यांवर उभे होते, आई."

विधेयक आले. भाऊ बोलले, रडले, आणि बसून राहिले. पट्टा बांधून.

लग्नाच्या हॉलमध्ये पुढच्या सोफ्यावर प्रमुख पाहुणे कोण? तर भाऊच. बारकीला नटवून व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवले होते. साडीत ती घडी करून ठेवल्यासारखी दिसत होती. वेळ झाली.

"ऊठ," वडील म्हणाले.

"मला उठता येत नाही, बाबा. गुडघा दुखतोय."

मालक गरजले, "मुकादम, काय नाटक आहे हे?"

भाऊंनी आवाजात साखर घोळली. "बाळ, वडील माणसं सांगतात तेव्हा उभं राहावं."

"भाऊ, तुमचा दुखला तेव्हा तुम्हाला कुणी ओढून उभं केलं का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसले. वडिलांनी तिचा दंड धरला, तशा काकू पुढे आल्या, नवऱ्याचा हात सोडवला आणि मुलीच्या खुर्चीशी फरशीवर फतकल मारून बसल्या.

"माझाही दुखतोय. आता आम्हा दोघींना उचलून न्या."

शेजारची म्हातारी ताडकन म्हणाली, "काकू, तो पट्टा मागून घे परत! खरं दुखणं इथं आहे."

मग हसू आवरेना कोणाला. मालक मुलाला घेऊन तरातरा निघाले. त्यांच्या मागोमाग भाऊ उठले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत मोटारीत जाऊन बसले. काठी सोफ्याच्या हाताला तशीच लटकत राहिली.

मुकादमांची नोकरी गेली. तीन माणसांचे घर एका मशीनवर चालले, आणि ओढगस्तीने का होईना, पण चालले. बारकी शिकली. पुढे विधेयक मंजूर झाले, भाऊंच्या मताची गरज उरली नाही इतक्या मोठ्या बहुमताने. त्या दिवशी मात्र भाऊ उभे राहिले. तोच फोटो त्यांच्या गौरवग्रंथावर आहे, आणि चौकात पुतळाही उभाच आहे.

काठी बारकीच्या दुकानात आहे. वरच्या फळीवरचे तागे काढायला बरी पडते. एवढ्या लांब कारकिर्दीत भाऊंची लोकांच्या उपयोगी पडलेली ती एकच वस्तू.

यंदा भाऊंचा पुतण्या उभा आहे. हात जोडून तो दुकानात आला. "ताई, आशीर्वाद असू द्या."

"आधी बसा," बारकी म्हणाली. तो बसला.

"आता उठा."

गोंधळून तो उठला.

"गुडघा ठणठणीत आहे म्हणायचा." तिने टेप गळ्यात अडकवली. "अठराचे आता सोळा करायचा घाट चाललाय म्हणे. त्या दिवशी हा गुडघा कसा वागतो, ते आम्ही सगळ्या जणी गॅलरीत बसून बघणार आहोत. या आता."