सतरा भाच्यांचा मामा

वर्षाच्या पहिल्या महिन्यात केस कापले की मामा मरतो, हे शान्शी प्रांताच्या डोंगरातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गावातली झाडून सगळी मुलं दुआन न्हाव्याकडे जाऊन डोकी भादरून घेत. एखाददुसरा भाचा असलेल्या मामांना याची फारशी चिंता नसे. पण ल्येन शौथिएनला सहा बहिणी होत्या आणि सतरा भाचे.

त्या वर्षी बाराव्या महिन्याच्या सव्वीस तारखेला दुआनला उचकी लागली. ती सत्तावीस तारखेलाही थांबली नाही, उलट तिनं गावच्या हिशेबनिसाची अर्धी भुवई नेली. त्यानंतर दुकानात कोणी बसेना. दुआन मात्र हिकमती माणूस. त्यानं भोपळ्यावर सराव सुरू केला. एक उचकी जाऊ द्यायची, मग वस्तरा टेकवून एकच ओढ घ्यायची, आणि लगेच तो उचलून पुढच्या उचकीची वाट बघायची. भोपळा आरशासारखा झाला, पण गिऱ्हाईक काही फिरकलं नाही.

ल्येन थोरल्या बहिणीकडे जाऊन बसला.

"घाटात बर्फ आहे, शेजारच्या गावचा न्हावी येणार नाही," तो म्हणाला. "नव्या वर्षी दहा तारखेला शाळा उघडेल. हेडमास्तर केसाळ पोराला दारातच कातरतात. सतरा पोरं, ताई! पहिल्यालाच मी मेलो, तर उरलेल्या सोळा वेळी काय करू?"

"मेंढ्यांच्या कात्रीनं मीच कापते की."

"वस्तऱ्याऐवजी कात्रीनं कापूनही मामा वाचतो असं कोणी सांगितलंय?"

तसं कोणीच सांगितलं नव्हतं. तेव्हा ल्येन होऊ नावाच्या वैद्यांकडे गेला.

"उचकी म्हणजे उलटा चढलेला वारा," वैद्य शांतपणे म्हणाले. "त्याला खाली बसवायचं. पर्सिमनच्या सात टोप्या, चार लवंगा, आल्याच्या दोन चकत्या. एक वाटी उरेपर्यंत उकळ."

टोपी म्हणजे पर्सिमनच्या केशरी फळाच्या देठाशी असते ती चार पाकळ्यांची, वाळली की लाकडासारखी होणारी चकती. गावात पर्सिमनची झाडं घरटी एक होती, पण टोप्या मात्र शरदातच गोळा होऊन तालुक्याच्या औषधवाल्याकडे गेल्या होत्या. राहिली होती ती फक्त ची नावाच्या आजीच्या झाडाच्या शेंड्यावरची सात फळं. शेंड्यावरची फळं पाखरांसाठी सोडायची आणि त्यांना माणसानं हात लावायचा नाही, अशी रीत होती.

"आजी, फळं नकोत. फक्त टोप्या द्या," ल्येननं विनवलं.

"फळ पाखरांचं, टोपी माझी," आजी म्हणाली. "त्यांचं जेवण झालं की काढून घे."

"कधी होईल?"

"जेवणाऱ्याला असं विचारतात का रे?"

मग अठ्ठावीस तारखेपासून ल्येन आणि त्याचे सतरा भाचे झाडाखाली बर्फात चटया टाकून बसले. वर मॅगपाय पक्षी यायचे, दोन चोची मारायचे आणि डोंगराकडे बघत बसायचे.

"मामा, तो अर्धं टाकून चालला."

"जाऊ दे. तुझ्या आईचीही लहानपणी तीच खोड."

"त्याला आवडलं नसेल."

"हळू बोल. ऐकलं त्यानं, तर उरलेलंही टाकेल."

दुपारी दुआन स्वतः चौकशीला आला. एक उचकी दिली आणि सगळी पंगत उडाली.

"उस्ताद, घरी जा," ल्येन कळवळून म्हणाला. "तुमच्यासाठीच ही पाखरं जेवताहेत."

"मला बघवत — हुक् — नाही घरात बसून."

शेवटी त्याला रजई पांघरून चुलीमागे कोंडलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, तीस तारखेच्या सकाळी, सातव्या फळात फक्त साल राहिली होती. आजीनं मान हलवल्यावर ल्येननं वर चढून सातही टोप्या काढल्या. काढा उकळला. दुआन तो नाक दाबून प्यायला, आणि सगळे त्याच्या गळ्याकडे बघत बसले. घटका गेली. उचकी गेली.

पहिला भाचा बसला. दुआननं वस्तरा टेकवला, एक ओढ घेतली, उचलला, आणि थांबला. बराच वेळ थांबला.

"काय झालं?" ल्येननं विचारलं.

"उचकीची वाट बघतोय."

"अहो, ती गेली!"

"मला कळलंय," दुआन म्हणाला. "हाताला कुठे कळलंय?"

ल्येननं इकडेतिकडे बघितलं. बाहेर सूर्य कलायला लागला होता. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "हुक्."

हात खाली आला, एक ओढ झाली, पुन्हा वर गेला.

"हुक्," ल्येन म्हणाला.

असं सतराही डोक्यांचं झालं. शेवटच्या तीन भाच्यांना तर मामाचा बसलेला आवाज नुसताच हवेसारखा ऐकू आला. मुलं एकमेकांची टकलं चोळत उभी राहिली. ल्येननं ती एकदा मोजली, मग पुन्हा मोजली.

"चल, आता तू बस," दुआन म्हणाला.

ल्येन बसला. वस्तरा त्याच्या कानाशी येऊन अधांतरी राहिला. ल्येननं तोंड उघडलं आणि मिटलं. डोकं हलवून उचकी द्यायची आणि तेच डोकं वस्तऱ्याखाली स्थिरही ठेवायचं, हे त्याला जमण्यासारखं वाटेना. सतरा भाचे मदतीला धावले आणि सतरा वेगवेगळ्या तालांत उचक्या देऊ लागले. वस्तरा थरथरायला लागला.

ल्येन हळूच खाली सरकून उठला.

"राहू दे, उस्ताद. मी पहिल्या महिन्यात येतो."

"आणि तुझा मामा?"

"तो मी सहा वर्षांचा असतानाच गेला. आता त्याला काय व्हायचंय?"

दुआननं थोडा विचार केला आणि वस्तरा पुसला.

"मग सावकाश ये," तो म्हणाला.