भाईंचा राजबिंडा

सोयरिकी जुळवणाऱ्या भाईंनी एसटीडी बूथवरून फोनवर एकच शब्द सांगितला, "मुलगो राजबिंडो आसा." झालं! गोदूबाईंनी तो शब्द मासळीच्या पाटीबरोबर घरोघर फिरवला. आता राजबिंडा म्हणजे उंच, गोरा, रुंद छातीचा, ही वाडीतल्या बायकांची पक्की समजूत. त्यामुळे कुणकेश्वरचा सर्वेश गोदूबाईंच्या लेकीला, उर्वशीला, बघायला आला, तेव्हा अंगणात जत्राच भरली होती.

सर्वेश निघाला बुटका, काळा, कान सुपाएवढे. बायका पदरात तोंड घालून हसल्या आणि ते त्याला ऐकू गेलं. उर्वशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीची दोन स्थळं तिच्या रंगावरून परत गेली होती. असलं हसू तिच्या चांगल्या ओळखीचं होतं.

गोदूबाईंनी भाईंना बाजूला घेऊन धारेवर धरलं. "ह्यो राजबिंडो?"

"बाये, मी रूपाचा खंय सांगलंय?" भाई म्हणाले.

तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली. सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं रापणीचं जाळं जड लागलं होतं, ओढायला माणसं कमी पडत होती. सर्वेशने पोह्यांची बशी ठेवली, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि धावला. मागोमाग उर्वशीही.

रापणीच्या दोराला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा, हा जुना रिवाज. डोळ्यांनी अधू झालेली तुळसाआजी त्यावरच जगत होती. आज घाईत पोरांनी तिला बाजूला सारलं. सर्वेशने तिला आपल्यापुढे घेतलं, दोर तिच्या मुठीत दिला आणि मागून दोघांचा जोर एकट्याने लावला.

वाटे घालताना रापणीचा म्होरक्या सत्यवान तिला नेमका विसरला.

"आजयेन दोर ओढल्यान. माझ्या फुडेच होती," सर्वेश शांतपणे म्हणाला.

सत्यवान ओशाळला. बांगडे घेऊन म्हातारी ताठ मानेने घरी गेली. दया केल्याचं तिला कुणी जाणवू दिलं नव्हतं. उर्वशीला भाईंचा शब्द तेव्हा कळला, आणि तो माणूस तिला मनापासून आवडला.

घरी गोदूबाई नकाराची वाक्यं जुळवत बसल्या होत्या. बघायला आलेल्यांना चहा-पोहे, जेवण मात्र सोयरीक ठरल्यावरच, अशी त्यांच्याकडची रीत. उर्वशीने सर्वेशच्या हातातला त्याच्या वाट्याचा बांगडा घेतला.

"ह्यो मी रांधतंय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आता जेवानच जावा."

गोदूबाईंनी आ वासला. सर्वेशने उर्वशीकडे एकदा नीट बघितलं, पायांची वाळू धुतली आणि पाटावर येऊन बसला.