करदोडा

"कात्री खाली ठेवा आधी!"

बायडाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की स्ट्रेचरवरचा रोहित दचकलाच. सहा वर्षांचा त्यांचा नातू. मूतखड्यानं बेजार झालेला, म्हणून विंचूरहून नाशिकला आमच्या हॉस्पिटलात आणलेला. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. घाईघाईत त्याच्या कमरेचा काळा करदोडा कापायला निघाले होते. अक्कलच माझी!

"माणूस गेल्यावर तोडत्यात तो, बाई! ह्याच्या बापाचा गेल्या साली तोडला, ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. ह्याचा नाय तोडू देणार. नायतर ऑपरेशन नको, चला घरी."

रोहितची आई पदर तोंडाशी धरून मागं उभी होती. आतून आमच्या सर्जन प्रफुल्ल सरांनी हाक मारली, "सिस्टर, पेशंट कुठंय?"

मी तोंडाची फटकळ. एरवी दोन शब्द सुनावले असते, पण ह्या बाईला काय सुनावणार? आणि करदोडा ठेवताही येईना. पोराला पालथं निजवून पाठीतून दुर्बीण घालायची. तेवढा वेळ करदोड्याचा चांदीचा मणी पोटाखाली रुतला असता. शिवाय रक्त थांबवायला विजेचं यंत्र लागतं, अंगावर धातू असला की भाजायची भीती. पण पोराला परत पाठवायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. मूत्रपिंड आधीच सुजलं होतं त्याचं.

"तोडत नाही, आजी. पोराला पालथं निजवायचंय, मणी रुतेल. गाठ सोडते. चालेल?"

"आन् तवर पोरगं बिनकरदोड्याचं?"

"आधी दुसरा बांधा, पायाला. मग हा सोडू."

मी बँडेजची पट्टी फाडून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"काळी नाय का?"

"इथं सगळं पांढरंच असतं हो."

"ऱ्हाऊ द्या. देवाला कळतंय." त्यांनी ती नातवाच्या घोट्याला सैलसर बांधली.

जुनी गाठ मात्र महाबिलंदर. तेल-पाणी पिऊन नुसता दगड झालेली. नखं हरली, म्हणून मी सुई घेतली. सर तणतणत बाहेर आले, बायडाबाईंचं तोंड बघितलं आणि मोबाइलचा उजेड धरून उभे राहिले. सुटली एकदाची! बायडाबाईंनी करदोडा मुठीत आवळला.

आत भूल चढल्यावर रोहितला वळवायची वेळ आली. भूल देणाऱ्या मॅडमनी डोकं आणि श्वासाची नळी सांभाळली, आम्ही अंग धरलं आणि एका दमात पालथा केला. मोठ्यांच्या उशा त्याला कुठल्या बसायला? टॉवेलच्या गुंडाळ्या केल्या, एक छातीखाली, एक कमरेच्या हाडांखाली. मधलं पोट मोकळं राहायला हवं, दबलं की श्वास दबतो. गुडघ्यांखाली कापूस, पावलांखाली मऊ घडी. गाल टेकलेला, डोळ्यावर भार नाही. भुलीतलं पोर काही सांगत नाही, काय टोचतंय ते आपणच ओळखायचं.

"झालं?" सरांनी विचारलं.

"नाही."

मी हात पोटाखाली सरकवला. एका बाजूला गुंडाळी पुढं आली होती. पुन्हा उचलायला लावलं. कुणीतरी सुस्कारा टाकला. टाकू दे. पुन्हा हात घातला. पोट मोकळं वरखाली होत होतं.

"आता करा."

खडा निघाला. रोहितला बाहेर आणलं, तेव्हा सर बाटलीतला खडा दाखवायला पुढं झाले. बायडाबाईंनी तिकडं बघितलंही नाही. नातवाच्या पायावरची चादर सारून त्यांनी पट्टी चाचपली, नाकाजवळ हात धरून श्वास बघितला. मग मला विचारलं, "पालथा घातला तवा जवळ कोण व्हतं?"

"मीच होते की."

"सबंध येळ?"

"सबंध वेळ."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझा लेक रस्त्यावर असाच पालथा पडलेला व्हता," त्या म्हणाल्या. "कुणीच नव्हतं गं जवळ."

एवढं बोलून त्या हंबरडा फोडून रडल्या. सून धावत आली. मी त्यांना उगी केलं नाही. हातमोजे काढले आणि त्यांच्याशेजारी फरशीवर बसले.