उकंडरावांची हरकत

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला नवा विषय आला: ओपन सोर्स. सर्वांसाठी उघडा असलेला एखादा प्रोग्रॅम निवडायचा, त्यातली चूक सुधारायची. दुरुस्ती मंजूर झाली तर पास. डोणगावच्या मलिहाने गुलाबी बोंडअळीचा प्रोग्रॅम निवडला. बीटी कपाशीला अळी लागत नाही, हे त्या वर्षी अळीला कोणी सांगितले नव्हते. सापळ्यात किती पतंग सापडले ते शेतकरी मोबाइलवर भरत. आकडा वाढला की गावाला फवारणीचा इशारा जाई.

चूक एवढीच, की प्रोग्रॅम सातबाऱ्यावरचे नाव मागे, आणि आमच्याकडे सातबाऱ्यावर बहुतेक मयत मंडळीच नांदतात. वारस नोंदीला तलाठ्याकडे हेलपाटे कोण घालणार? त्यामुळे रोज संध्याकाळी निम्मे आकडे स्वर्गातून येत. मलिहाने घरोघर विचारून आजोबांच्या जागी नातू, सासऱ्याच्या जागी सून घातली. उरले मयत उकंडराव.

त्यांचा आकडा सगळ्यांच्या आधी येई आणि खरा ठरे. मलिहाचे अब्बा रहेमतुल्ला त्यावरच फवारा मारत. पण उकंडरावांचे शेत पडीक, सापळा वाऱ्याने उडालेला, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या बायकोकडे, भिमाबाईंकडे, मोबाइल नाही. नाव ठेवावे तर मलिहा नापास. काढावे तर इशारा बंद.

"मंग पाठवते कोन, काकी?"

"जित्तेपनी कुठी चाल्ले थे सांगत नव्हते, आता काय सांगतीन?" भिमाबाई म्हणाल्या. "माह्यं नाव टाक वं पोरी. सातबाऱ्यावर नाई चढलं, तुह्या मशीनीत तं चढू दे."

मलिहाने टाकले. दुरुस्ती मंजूर झाली. संध्याकाळी आकडा आला नाही. आली एक नवी दुरुस्ती. पाठवणार: उकंडराव. कारण: शेत माझे आहे.

शेवटची दुरुस्ती ज्याची, पुढच्या दुरुस्तीचा निकाल त्यानेच द्यायचा, असा प्रोग्रॅमचा नियम. कॉलेजातले सर म्हणाले, कोणाची तरी चेष्टा असेल. पण मंजूर केलीस तर तुझी रद्द होईल. मलिहाने बराच वेळ नाव पाहिले. मग तलाठ्याच्या थाटात लिहिले: नामंजूर. वारस नोंद झाली आहे.

दुसऱ्या दिवशी अब्बा पंप भरून बसून राहिले. दिवे लागायच्या आधीच आकडा आला. भिमाबाईंच्या नावाने, आजवरचा सर्वांत मोठा.

"बुढा रागात हाय," अब्बा पंप पाठीवर घेत म्हणाले, "पन खोटं नाई सांगत."

ते शेताच्या बांधावर, धुऱ्यापाशी पोहोचले, तर पलीकडच्या उकंडरावांच्या पडीक शेतातून फवारणीच्या औषधाचा ताजा वास येत होता.